खोटं सोसत नाही!

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘लेणं’ हा विषय दिला. नथ, ठुशी, कोल्हापुरी साज यांच्यावर लिहिणारे पुष्कळ असतील, म्हणून मी दागिन्याची मागची बाजू मागून घेतली. आरशात जी दिसत नाही आणि अंगाला मात्र लागते, ती बाजू. कानातल्याची दांडी, तिची फिरकी, माळेचा मानेवरचा हूक, घड्याळाच्या पट्ट्याचं बक्कल.

‘मला बाई खोटं सोसत नाही’ हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी म्हणत असतं. ऐकणारीच्या चेहऱ्यावर लगेच एक छटा उमटते. हिला खरंच लागतं म्हणे! सासरी असं बोलणाऱ्या सुनेचं तर विचारूच नका. कान चिघळलेला दिसत असला तरी ‘आमच्या वेळी नव्हती असली थेरं’ हे ऐकावंच लागतं. ही थेरं आहेत की दुखणं, आणि दुखणं असेल तर ते येतं कुठून, हे बघायला मी निघाले.

सहा महिन्यांची गॅरंटी

दिवाळीआधी पुण्याच्या तुळशीबागेत शिरलं की स्वतःहून चालावं लागत नाही, गर्दीच पुढे नेते. राममंदिराच्या आसपासच्या बोळांत इमिटेशन दागिन्यांची दुकानं एकाला एक चिकटून आहेत. काचेखाली ठुशा, चिंचपेट्या, मोहनमाळा, दाबाच्या नथी. बाजूच्या स्टँडवर नवरात्रातून उरलेले ऑक्सिडाइज्ड झुमके. सोन्याचा भाव तोळ्याला लाखाच्या वर गेला आणि इथलं गिऱ्हाईकच बदललं, असं एक जुने दुकानदार सांगत होते. आधी कॉलेजच्या मुली जास्त यायच्या. आता लग्नाची खरेदी करणारी कुटुंबं येतात. मंगळसूत्र आणि दोन बांगड्या सराफाकडच्या, बाकीचा सगळा सेट इथला.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीने एक जोड कानाला लावून पाहिला आणि विचारलं, “ॲलर्जी नाही ना होणार?”

“नाही होत ताई, वन ग्रॅम आहे. कलर गेला तर परत आणा, सहा महिन्यांची गॅरंटी.”

प्रश्न कातडीचा होता, उत्तर रंगाचं आलं. दोघांपैकी कुणालाच ते खटकलं नाही. मुलीने पैसे दिले आणि ती गेली. मी काउंटरवरच्या मुलाला विचारलं, आत काय असतं? “पितळ. वरून सोन्याचं पाणी.” आणि मध्ये? तो हसला. “मध्ये काय असणार!”

शेजारच्या स्टँडवर ‘जर्मन सिल्व्हर’ लिहिलेल्या माळा होत्या. या नावाच्या मिश्रधातूत चांदीचा अंशही नसतो. तांबं, जस्त आणि निकेल एवढंच असतं, आणि कान चिघळवणारा धातू म्हणजे त्यातलं निकेल, ते पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत सहज भरतं. पितळी दागिन्यात निकेल दोन थरांच्या मध्ये लपलेलं असतं. इथे ते दागिन्याच्या धातूतच मिसळलेलं. अर्थात या पाट्या लावून जे विकलं जातं ते प्रत्येक वेळी अस्सल जर्मन सिल्व्हर असतंच असंही नाही. हाताने चाचपून ते कळत नाही.

मधला थर

मध्ये काय असतं हे पाहायला मालाडला जावं लागतं. मुंबईच्या या उपनगरात इमिटेशन दागिन्यांचा मोठा धंदा आहे. साचे मारणारे, खडे बसवणारे, घरबसल्या मोती ओवणाऱ्या बायका, पॉलिशवाले, प्लेटिंगवाले, अशी कामं वाटली गेलेली. एक कानातलं तयार होईपर्यंत पाच-सहा हातांतून फिरतं.

मी गेले तो गाळा प्लेटिंगवाल्याचा. आत शिरताच उकाडा आणि घशाला लागणारा आंबूस वास. एका ओळीत टाक्या. त्यांतली एक गर्द हिरव्या रंगाची, कोमट, वाफाळणारी. कच्चे पितळी झुमके तांब्याच्या तारेला ओळीने टांगलेले होते. कारागिराने ती तार आधी तेलकटपणा काढणाऱ्या टाकीत बुडवली, मग पाण्यात, मग ॲसिडमध्ये, पुन्हा पाण्यात, मग तांब्याच्या टाकीत आणि मग त्या हिरव्या टाकीत सोडली. भिंतीवरच्या रेक्टिफायरचा काटा हलला.

“हे निकेल,” तो म्हणाला.

पाचेक मिनिटांनी तार वर आली तेव्हा पिवळट, निस्तेज झुमके आरशासारखे पांढरे झाले होते. इतके चकचकीत की इथेच काम संपलं असं वाटावं. मग शेवटची टाकी सोन्याची. तिच्यात तार गेली, त्याने मनातल्या मनात आकडे मोजले आणि काही सेकंदांत ती बाहेर काढली. झुमके सोनेरी.

ज्याला आपण सोन्याचं पाणी म्हणतो तो थर स्वस्त मालावर मायक्रॉनच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही पातळ असतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. निकेलचा थर सोन्याच्या थराच्या अनेक पट जाड, काही मायक्रॉनचा. म्हणजे सोनेरी दिसणाऱ्या झुमक्याचा कातडीजवळचा खरा धातू निकेलच.

निकेल घालतात ते फसवायला नव्हे. त्याला कारण आहे. तांबं-पितळावर थेट सोनं चढवलं तर तांब्याचे अणू हळूहळू सोन्यात झिरपतात आणि दागिना काळपट होतो. निकेल मध्ये भिंत घालतं. शिवाय ते पृष्ठभाग गुळगुळीत करतं, चमक देतं आणि स्वस्तात पडतं. दुकानदाराची सहा महिन्यांची गॅरंटी याच थराच्या जिवावर दिलेली असते. रंग टिकवणारी गोष्ट आणि कान चिघळवणारी गोष्ट एकच आहे.

कारागिराच्या बोटांकडे लक्ष गेलं. सांध्यांवर भेगा, नखांभोवतीची कातडी जाड, कोरडी. हातमोजे खुंटीला अडकवलेले. ते घालून तार नीट बांधता येत नाही, असं तो म्हणाला. या हातांचा इतिहास जुना आहे. बर्लिनचे डॉक्टर आल्फ्रेड ब्लाश्को यांनी 1889 साली प्लेटिंग कामगारांच्या इसबाचं वर्णन केलं होतं. दागिने घालणाऱ्या बायकांच्या आधी या दुखण्याची नोंद मुलामा चढवणाऱ्यांत झाली.

घाम, निकेल आणि शरीराची स्मरणशक्ती

धातू अंगावर नुसता टेकल्याने काही होत नाही. त्यातून निकेलचे आयन सुटावे लागतात, आणि ते काम घाम करतो. घामातलं क्लोराइड आणि आम्ल निकेलला विरघळवतं. वरचा सोन्याचा थर इतका पातळ की त्याला सूक्ष्म छिद्रं असतातच. घासून घासून तो हुकापाशी, फिरकीपाशी आधी उडतो. म्हणून हा त्रास मे महिन्यात, ऑक्टोबरच्या उन्हात, लग्नाच्या मांडवात आणि गच्च भरलेल्या लोकलमध्ये उसळतो. जानेवारीत घातलेलं तेच कानातलं निमूट बसतं.

सुटलेलं निकेल कातडीत शिरतं, तिथल्या प्रथिनांना चिकटतं आणि रोगप्रतिकारक पेशी त्याची नोंद घेतात. 2010 साली जर्मन संशोधकांनी यातली एक महत्त्वाची कडी दाखवली. माणसाच्या पेशींवर टीएलआर-4 नावाचा एक ग्राही, म्हणजे रिसेप्टर, असतो. त्याचं मूळ काम जंतू ओळखण्याचं. माणसात त्याची रचना अशी आहे की निकेल थेट त्यालाच जाऊन चिकटतं, आणि जंतू शिरल्यासारखी धोक्याची घंटा वाजते. उंदरात ही रचना वेगळी असल्याने त्यांना निकेलची ॲलर्जी सहजी होत नाही.

पहिल्या खेपेला बाहेरून काहीच दिसत नाही. ‘टी’ पेशींची एक फौज आत तयार होते आणि लक्षात ठेवते. पुन्हा निकेल भेटलं की ती धावून येते, पण लगेच नाही. एक ते तीन दिवसांनी. ही दिरंगाईच सगळ्यांना चकवते. शनिवारी लग्नात सेट घातला, रविवारी काढून ठेवला आणि सोमवारी मान खाजायला लागली, तर बाई नव्या साबणाला दोष देते, मांडवातल्या जेवणाला देते, सेटचं नाव घेत नाही. ‘वीस वर्षं खोटं घालतेय, तेव्हा काही झालं नाही’ हेही खरंच असतं. शरीराने दखल कधी घ्यावी याला नियम नाही. मात्र एकदा घेतली की ती बहुधा जन्मभर राहते.

चट्टा कुठे आहे ते सांगा

एका सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग बाह्यरुग्ण विभागात एक सकाळ मी डॉक्टरांच्या मागे स्टूल टाकून बसले. डॉक्टर प्रत्येक रुग्णाला ‘काय होतंय’ यापेक्षा ‘कुठे होतंय’ हे आधी विचारत होत्या. दोन्ही कानांच्या पाळ्या ओलसर, खपल्या धरलेल्या: कानातलं. मानेच्या मागे मध्यभागी रुपयाएवढा काळा, जाड चट्टा: माळेचा हूक. मनगटावर एकाच बाजूला चौकोनी डाग: घड्याळाचं बक्कल. एका तरुणाच्या बेंबीखाली खाजरा लाल पट्टा होता, त्यासाठी तो महिनाभर गजकर्णाची मलमं लावत होता. डॉक्टरांनी त्याला जीन्सचं बटण उलटं करून दाखवायला सांगितलं. आतल्या बाजूचा मुलामा पार उडाला होता.

फॅशन सरकते तसा चट्टाही सरकतो. युरोपात गेल्या शतकाच्या मध्यावर तो मोज्यांच्या पट्ट्यांच्या क्लिपांखाली मांडीवर दिसायचा, सत्तरच्या दशकात जीन्सच्या बटणाखाली आला, आणि या शतकात काही जणांच्या गालावर उमटला, कारण सुरुवातीच्या मोबाइलच्या कडांना निकेल होतं. तिथे प्रौढांमध्ये 8 ते 19 टक्के लोकांना निकेलची ॲलर्जी आढळते, बायकांत पुरुषांच्या कित्येक पट. बाईची कातडी नाजूक म्हणून असं होतं, ही समजूत डॉक्टरांनी खोडून काढली. कान तिचे टोचलेले असतात आणि धातू तिच्या अंगावर जास्त असतो. कानात बाळ्या घालणाऱ्या मुलांचेही कान चिघळतातच.

सगळंच निकेल नसतं हेही त्यांनी दाखवलं. अंगठीखाली बोटाला पडलेली खाज पुष्कळदा साबणाची असते. भांडी घासताना, कपडे धुताना फेस अंगठीखाली अडकून राहतो. तांब्यामुळे बोटाला येणारा हिरवा रंग धुतला की जातो, त्याला ॲलर्जी म्हणत नाहीत. कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग पडला तर त्याचं कारण टिकलीच्या डिंकातली रसायनं; ती कातडीचा रंगच मारतात. तो डाग दिसला की टिकली त्याच दिवशी बंद. खऱ्या सोन्याचीही ॲलर्जी असते, पण दागिन्याची तक्रार घेऊन आलेल्यांत पहिला संशय निकेलवरच घ्यायचा.

संशय पक्का करायला पॅच टेस्ट. तिचं मूळ 1895 सालचं, योझेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञाचं, आणि पद्धत आजही मुळात तीच. पाठीवर ॲल्युमिनियमच्या छोट्या वाट्यांची पट्टी चिकटवतात. प्रत्येक वाटीत एकेक संशयित पदार्थ. निकेल सल्फेट व्हॅसलीनमध्ये पाच टक्के मिसळलेलं असतं. पट्टी 48 तास राहते. तोवर पाठ ओली करायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हीच मोठी अडचण. पट्टी सुटते आणि सगळं मुसळ केरात. काढल्यावर एकदा वाचन, आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी दुसरं. दुसऱ्या वाचनाला लोक येत नाहीत, ही डॉक्टरांची तक्रार. निकेल उशिरा उगवतं, त्यामुळे खरं उत्तर त्याच दिवशी मिळतं.

दागिन्याचीही परीक्षा घेता येते. डॉक्टरांच्या खणात एक बाटली होती, डायमिथाइलग्लायॉक्झिमची. हे रसायन अमोनियाबरोबर निकेलला भेटलं की गुलाबी होतं. कापसाची काडी भिजवून धातूवर अर्धा मिनिट घासायची. मी पर्स ओतली. हॉलमार्कच्या अंगठीवर कापूस पांढराच राहिला, स्टीलच्या घड्याळावरही. सेफ्टी पिनेवर तो गुलाबी झाला. जुन्या खोट्या टॉप्सची समोरची फुलं निर्दोष निघाली. मागच्या दांडीवर मात्र कापूस गडद गुलाबी. नव्याकोऱ्या दागिन्यावर ही चाचणी चकवा देऊ शकते, कारण वरचा थर अजून शाबूत असतो.

घड्याळाच्या स्टीलचं मला नवल वाटलं. नेहमीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये आठ-दहा टक्के निकेल असतंच. पण तिथे ते क्रोमियमच्या पातळ कवचाआड जखडलेलं असतं, सुटत नाही. धातूत निकेल किती आहे यापेक्षा त्यातून सुटतं किती, हे पाहायचं.

कान कोणी टोचला?

या ॲलर्जीचा दरवाजा बहुतेकींच्या बाबतीत एकच असतो: कानाचं भोक. टोचल्यानंतरचे काही आठवडे ती ताजी जखम असते. अखंड कातडी निकेलला थोडंफार अडवते, जखम मुळीच अडवत नाही. त्या दिवसांत भोकात जो धातू राहील त्याच्याशी शरीराची पहिली ओळख होते.

आपल्याकडची जुनी रीत या बाबतीत शहाणी होती. बाळाचे कान सोनार टोचायचा, बारीक सोन्याच्या तारेने, आणि तीच तार वळवून कानात ठेवायचा. मऊ तार हवी म्हणून सोनं चोख वापरावं लागे, त्यामुळे निकेलचा प्रश्नच नव्हता. पैसे नसतील त्या घरात कडुलिंबाची काडी किंवा सुती दोरा असे. या कामात हात बसलेला कोल्हापूरच्या गुजरीतला एक वयस्कर सोनार मला म्हणाला, “पोरीचा कान टोचायला आणतात सोन्याच्या तारेने, आणि महिन्याभरात जत्रेतलं कानातलं अडकवतात. मग आमच्याकडेच घेऊन येतात, कान पिकला म्हणून.”

आता बरेच कान पार्लरमध्ये, बंदुकीने टोचले जातात. बंदुकीतला खडा कोणत्या धातूचा आहे हे तिथे कुणी सांगत नाही, कुणी विचारतही नाही. टोचून घ्यायचंच तर सोन्याची तार, नाहीतर टायटॅनियम. आणि भोक पूर्ण भरून येईपर्यंत, म्हणजे निदान दीड-दोन महिने, दुसरं काही घालायचं नाही. मुलीला पुढे आयुष्यभर हवं ते घालता यावं असं वाटत असेल तर या दोन महिन्यांवर खर्च करावा.

सराफाकडच्या सोन्यावरही एक शब्द. हॉलमार्कवरचा 916 म्हणजे शंभरात 91.6 भाग सोनं. 750 म्हणजे 18 कॅरेट, 585 म्हणजे 14 कॅरेट. हा शिक्का सोन्याची हमी देतो. उरलेल्या भागात काय आहे, त्याची देत नाही. 22 कॅरेटमध्ये उरलेलं बहुतेक तांबं आणि चांदी असतं, म्हणून ते सोसतं. भाव वाढल्याने हलक्या कॅरेटकडे लोक वळताहेत आणि तिथे इतर धातूंचा भाग मोठा. ‘व्हाइट गोल्ड’ पांढरं करायला तर निकेल किंवा पॅलेडियम घालतात. निकेल न सोसणाऱ्यांतल्या काही जणांना पॅलेडियमही सोसत नाही. तेव्हा सराफाला विचारावं, आणि त्याला माहीत नसेल तर पिवळंच घ्यावं.

मंगळसूत्र काढायचं कसं?

‘घालू नका’ हा डॉक्टरांचा सल्ला बरोबर आहे आणि घरात तो चालत नाही. कानातलं काढता येतं, मंगळसूत्र काढायचं म्हणजे प्रश्न सुरू. बाह्यरुग्ण विभागात एक मावशी मानेवरचा पदर सरकवून चट्टा दाखवत होत्या. खरं मंगळसूत्र कपाटात, चोरीच्या भीतीने. रोजच्या वापरातलं खोटं. डॉक्टरांनी ते उतरवायला सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मालक आहेत ना अजून.”

त्यावर डॉक्टरांनी दिलेला तोडगा मला फार आवडला. पटवेकऱ्याकडे जा, आणि काळे मणी सुती दोऱ्यात ओवून घ्या. मणी काचेचे, दोरा सुती, मागे गाठ किंवा गोंडा, पुढे खऱ्या सोन्याच्या दोन छोट्या वाट्या. मानेला धातू लागायचाच नाही. पटवेकऱ्यांचं दुकान अजून तुळशीबागेच्या परिसरात आणि जुन्या बाजारपेठांत सापडतं. दोरा मळतो, दोन-चार महिन्यांनी बदलून घ्यावा लागतो. त्याची मजुरी मलमाच्या एका ट्यूबपेक्षा जास्त नसावी.

इतर घरगुती उपायांची प्रतही मी विचारून घेतली. दांडीला पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात देणं चालतं, पण घामाने आणि घासून ते निघतं. एका कार्यापुरता उपाय, रोजचा नव्हे. खोट्या कानातल्याची दांडी सोनाराकडून सोन्याची किंवा चोख चांदीची लावून घेणं हे त्याहून चांगलं. समोरचं फूल कातडीला जेमतेम टेकतं, भोकात असते ती दांडी. ठुशीच्या मागे मऊ कापडाची पट्टी शिवून घेणं, गोंड्याची माळ निवडणं, हे जुनेच आणि उपयोगी. कार्य संपलं की लगेच उतरवून मान धुणं, पुसणं. दागिन्यात झोपायचं नाही.

मेडिकलवरचं मलम

चट्टा उठला की बहुतेक जण डॉक्टरकडे जात नाहीत; मेडिकलच्या काउंटरवर जाऊन ‘खाजेला काहीतरी द्या’ म्हणतात. मिळतं ते एकाच ट्यूबमध्ये तीन-चार औषधं कोंबलेलं मलम: बुरशीचं, जंतूंचं आणि सोबत क्लोबेटासॉलसारखं अतिशय तीव्र स्टेरॉइड. दोन दिवसांत खाज जाते. म्हणून ते चांगलं ठरतं, शेजारणीला सुचवलं जातं, गालावरच्या डागालाही लावलं जातं. महिन्या-दोन महिन्यांत कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, आणि मलम बंद केलं की आग उसळते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे आयएडीव्हीएलने, या गैरवापराविरुद्ध वेगळा कृतिगट उभा केला. 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. काउंटरवर तासभर उभं राहिलं की तो नियम किती पाळला जातो ते कळतं.

स्टेरॉइड मलम मुळात वाईट नाही. या दुखण्यावरचं तेच पहिलं औषध आहे. पण ते एकटं असावं, जागेप्रमाणे सौम्य किंवा मध्यम असावं, पातळ थराने लावावं आणि ठरलेल्या दिवसांनी थांबवावं. कानामागे, मानेवर साधारण आठवडा-दोन आठवडे. चेहऱ्यावर आणि पापण्यांजवळ डॉक्टर पुष्कळदा टॅक्रोलिमससारखं स्टेरॉइड नसलेलं मलम देतात. पाणी सुटत असेल तर आधी स्वच्छ थंड पाण्याच्या पट्ट्या. पू, ताप, वाढती सूज असेल तर जंतूंचा संसर्ग झालेला असतो, तेव्हा घरी थांबू नये. खाजेच्या गोळीने झोप लागते. ही ॲलर्जी ज्या वाटेने येते ती वाट त्या गोळीने अडत नाही.

घरातल्या डब्यांतून हळद, लिंबू, टूथपेस्ट, पाण्यात न मिसळलेलं जंतुनाशक असं बरंच काही चिघळलेल्या कानावर पोचतं. जखमेवरचं ओळखीचं पिवळं मलम, म्हणजे नायट्रोफ्युराझोनचं, आणि निओमायसिन असलेली मलमं तर स्वतःच ॲलर्जी घडवणाऱ्यांच्या यादीत आहेत. निकेलचा कान बरा करायला गेलं आणि मलमाची ॲलर्जी घेऊन आलं, असे रुग्ण डॉक्टर नेहमी पाहतात.

बरं झाल्यावर काळा डाग उरतो. आपल्या रंगाच्या कातडीवर तो महिनोन्‌महिने राहतो, आणि बाईला खाजेपेक्षा त्याचंच वाईट वाटतं. त्यावर गोरेपणाची क्रीमं चोळू नयेत. धातू दूर राहिला की तो आपोआप फिका होतो. फार संवेदनशील असलेल्या थोड्या लोकांना काजू, चॉकलेट, सोयाबीन, ओट्स अशा निकेल जास्त असलेल्या पदार्थांनीही त्रास होतो. पण कान खाजला म्हणून डाळ-उसळ सोडायची गरज नसते.

एकाच गाळ्यातले दोन माल

एवढं सगळं बाईनेच सांभाळायचं का? डेन्मार्कने 1990 साली हा प्रश्न उलट बाजूने सोडवला. निकेल सोडणारे दागिने विकायलाच तिथे बंदी आली. 1994 साली युरोपीय महासंघाने तोच नियम उचलला. कातडीला दीर्घकाळ लागणाऱ्या वस्तूच्या एका चौरस सेंटिमीटरमधून आठवड्याला 0.5 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. टोचलेल्या भोकात जाणाऱ्या दांडीसाठी मर्यादा पुढे 0.2 इतकी कडक झाली. नियमानंतर कान टोचलेल्या डॅनिश मुलींमध्ये ही ॲलर्जी आधीच्या पिढीपेक्षा स्पष्टपणे कमी आढळली. ना औषध, ना लस; कानातलं तेवढं बदललं.

हा नियम मालाडच्या गाळ्यात पोचलेला आहे, हे मला तिथे कळलं. हिरव्या टाकीच्या पलीकडे, जरा बाजूला, आणखी एक टाकी होती. ती व्हाइट ब्राँझची, म्हणजे तांबं, कथील आणि जस्ताची. युरोपला जाणारा माल निकेलऐवजी तिच्यातून काढतात. त्याला बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट लावतात. टाकीवर हात तोच, रेक्टिफायर तोच, झुमक्याचा साचाही पुष्कळदा तोच. फरक दरात. मी मालकांना विचारलं, इथल्या बाजारासाठी हे का करत नाही?

“खर्च थोडा वाढतो, जास्त नाही. पण लोकल पार्टी मागत नाही. तिला शाइन पाहिजे आणि कलरची गॅरंटी पाहिजे.” जरा थांबून ते म्हणाले, “लॉट असेल तर मारून देऊ. एक-दोन नगांसाठी टाकी चालू नाही होत.”

लॉटची ही ऑर्डर मी किंवा तुम्ही देऊ शकत नाही, दुकानदार देऊ शकतो. डबीवर निकेलबद्दल चकार शब्द नसतो तोवर त्याला विचारायचं ते तोंडीच विचारावं लागेल: मधला थर कशाचा आहे, दांडी कशाची आहे, एक्सपोर्टचा निकेल-फ्री माल ठेवता का. पहिल्यांदा तो हसेल. दिवसाला चार गिऱ्हाइकं हेच विचारायला लागली की तो मालाडला फोन करील. आणि कायदा करणाऱ्यांना आपल्या बाजारासाठी एवढंच ठरवायचं आहे की जो झुमका डॅनिश मुलीच्या कानासाठी चालत नाही, तो तुळशीबागेतल्या मुलीच्या कानासाठीही चालणार नाही.